वाचकांचे प्रश्न : दोष रॅमचा की मदरबोर्डचा?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून मी घरीच संगणक जोडला. त्यात डीडीआर-४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या आणि प्रत्येकी ८ जीबीच्या दोन रॅम आहेत. अलीकडे काम चालू असतानाच निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होतो आणि पडद्यावर दिलेले कारण दर वेळी निराळे असते. मोठी झिप फाइल उघडताना 'सीआरसी एरर' (फाइलमधील माहिती बिघडल्याची सूचना) येते. दुकानदाराने विंडोज दोनदा नव्याने टाकून दिली, पण फरक पडला नाही. आता तो मदरबोर्ड बदला म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मदरबोर्डचा खर्च तूर्त थांबवावा. निळ्या पडद्यावरचे कारण दर वेळी बदलणे आणि त्याच सुमारास झिप फायली बिघडलेल्या निघणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर पहिला संशय रॅमवर घ्यावा; कारण एखाद्या ड्रायव्हरचा (सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा) दोष असता, तर सहसा तेच ते नाव पुन्हा पुन्हा दिसले असते. विंडोज नव्याने टाकण्याचा उपाय अशा वेळी निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरू शकतो, कारण डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते आणि तिथे एखादा बिट (० किंवा १ हा माहितीचा सर्वांत छोटा घटक) उलटला, तर चुकीची फाइलच निमूटपणे लिहिली जाते. हाच नियम बॅकअपलाही लागू आहे. छायाचित्रे व कागदपत्रे या संगणकावरून कॉपी करू नयेत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिथून प्रत घ्यावी.

तपासणीआधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूलभूत सेटिंगमध्ये, जाऊन रॅम वाढीव वेगाने चालवणारे एक्सएमपी (काही मदरबोर्डांवर डीओसीपी) बंद करावे. वेष्टनावर ३२०० लिहिलेल्या बऱ्याच रॅम मुळात २१३३, २४०० किंवा २६६६ वेगाच्या असतात आणि वरचा वेग त्यांना प्रमाण १.२ व्होल्टऐवजी १.३५ व्होल्ट देऊन मिळवलेला असतो. एक्सएमपी बंद केल्यावर त्रास थांबला, तर स्टिक (रॅमची पट्टी) खराबच आहे असे म्हणता येत नाही. प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाला) तो वेग झेपत नसण्याचीही शक्यता असते.

विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' प्राथमिक चाचणीपुरती ठीक आहे, पण तिने दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यावर मी विसंबणार नाही. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ यांपैकी एक प्रोग्राम दुसऱ्या, धडधाकट संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि चाचणीचे किमान चार फेरे रात्रभर होऊ द्यावेत. एकही चूक क्षम्य नाही. चूक दाखवणारी लाल ओळ एकदा दिसली तरी निकाल प्रतिकूलच समजावा. त्या ओळीत मेमरीचा पत्ता, तिथे लिहिलेली संख्या आणि परत वाचलेली संख्या अशा तीन गोष्टी असतात. दोन संख्यांमध्ये एकाच अंकाचा फरक असेल आणि तोच फरक जवळजवळच्या पत्त्यांवर पुन्हा दिसत असेल, तर स्टिकवरील एखादी चिप गेली असण्याचा संभव बराच वाढतो. मोबाइलवर या पडद्याचा फोटो काढून ठेवावा, वॉरंटीच्या वेळी तो उपयोगी पडतो.

दोन स्टिक एकत्र असताना पत्ते दोघींमध्ये आलटूनपालटून विभागलेले असतात, त्यामुळे दोषी कोणती हे त्या पत्त्यावरून कळत नाही. म्हणून एकेक स्टिक वेगळी तपासावी लागते. संगणक बंद करून एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) खटका बंद करावा, प्लग काढावा, उरलेला विद्युतभार जावा म्हणून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच रॅमला हात लावावा. स्लॉटची खिटी मागे सारून स्टिक कडांनी धरून वर काढावी. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण तो सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो, तेव्हा तंतू न सुटणाऱ्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे बरे. एकच स्टिक लावताना बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरतात, तरी बोर्डाची पुस्तिका पाहावी. खाच जुळवून दोन्ही टोके 'खट्' असा आवाज येईपर्यंत दाबावीत. अर्धवट बसलेली स्टिक हेही अशा त्रासाचे कारण असते आणि त्याला दमडीचाही खर्च येत नाही.

चूक दाखवणारी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही चूक दाखवते का, आणि चांगली स्टिक आधीच्या स्लॉटमध्ये निर्धोक चालते का, हे पाहावे. दोष स्टिकच्या मागे गेला तर स्टिक बदलावी. तो स्लॉटपाशीच राहिला, तर मात्र मदरबोर्ड, प्रोसेसरचा सॉकेट किंवा वाकलेली पिन यांकडे वळावे लागेल, आणि दुकानदाराचे म्हणणे तेव्हा ऐकावे.

प्रश्न : दोनपैकी एकच स्टिक खराब निघाली, तर तेवढीच नवी घेऊन चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : चालतेही आणि फसतेही. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या स्टिकमध्येही आतील चिपा बदलत असतात. म्हणून जोडी एकाच पाकिटातली घेतलेली बरी. जुनी जोडी वॉरंटीत असेल तर पाकिटात मिळालेल्या दोन्ही स्टिक मागितल्या जाऊ शकतात, म्हणून बिल आणि स्टिकवरचे लेबल जपावे. डीडीआर-५ डीडीआर-४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण तिची खाच निराळ्या जागी असते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी सर्व्हरची 'रजिस्टर्ड' डीडीआर-४ रॅम मात्र आपल्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण घरगुती संगणक तिच्यावर सुरू होत नाही. नवी जोडी आधी मूळ वेगाने, मग एक्सएमपी चालू करून पुन्हा तपासावी आणि ती दोन्ही वेळा निर्दोष ठरल्यावरच विंडोजची दुरुस्ती हाती घ्यावी.