नेदरलँड्समधला ड्रेंथ प्रांत कसा आहे? तिथले लोक कशावर जगतात?

नेदरलँड्स म्हटलं की समुद्रसपाटीखालची जमीन आणि बांध आठवतात. ईशान्येकडचा ड्रेंथ तसा नाही. हा वाळूचा, थोडा उंचवट्याचा प्रदेश आहे. वस्ती विरळ, लोकसंख्या साधारण 5 लाख. राजधानी आसेन, पण एमेनची नगरपालिका लोकसंख्येनं त्याहून मोठी.

जुनी शेती समजून घेण्यासारखी आहे. वाळूत पीक येईना, म्हणून शेतकरी माळावर मेंढ्या चारत आणि त्यांचं खत माळावरच्या मातीच्या ढेपांत मिसळून गावाच्या सामाईक शेतात टाकत. शतकानुशतकं हे चाललं. कडेच्या दलदलीत पीट होतं, म्हणजे वाळवून जाळायची कुजकट माती. ती काढायला कालवे खणले आणि कालव्यांकाठी लांबलचक मजूरवस्त्या उभ्या राहिल्या. तिथलं दारिद्र्य भयंकर होतं. पीट संपल्यावर त्या जमिनीत बटाटा आला, तोही मुख्यतः स्टार्चसाठी. आज शेतीसोबत पर्यटन, आरोग्यसेवा आणि एमेनचे कारखाने रोजगार देतात.

1818 मध्ये योहानेस फान देन बॉश या डच लष्करी अधिकाऱ्यानं शहरातल्या गरिबांना इथे वसवून शेती करायला लावायची योजना सुरू केली. हेतू चांगला होता, पण फेनहाउझन या वसाहतीत भिकाऱ्यांना सक्तीनं डांबलं गेलं, हे विसरू नये. 2021 पासून या वसाहती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

जायचं ठरलं तर बोर्गर गावातलं प्रचंड शिळांचं थडगं बघाच. ते सुमारे 5,000 वर्षं जुनं आहे.