थॉमसनची बाग काढून वाइनसाठी शेनिन ब्लाँ लावावी का?

तुमची तासगावात थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाची जुनी बाग आहे आणि ती काढून शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षजात लावली तर मेहनतीत काय फरक पडेल, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात दोन एकरांवर बारा वर्षं हीच जात करतोय.

ही मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. तिचा मोठा गुण म्हणजे आंबटपणा. फेब्रुवारीत ऊन तापलं की द्राक्षात साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं, मग वाइन सपक होते. शेनिन मात्र २२ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पोचली तरी आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते. नाशिकला ती रुजली ती यामुळेच.

खोट आहे ती घडात. साल पातळ आणि घड इतका गच्च की मण्यांत बोट शिरत नाही. तोडणीच्या तोंडावर अवकाळी आला की आतला एखादा मणी फुटतो, आणि बाहेरून काही दिसायच्या आत कूज पसरते. एका वर्षी माझा निम्मा माल असाच गेला. तेव्हापासून मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायला लागायच्या, आधीच मी घडाजवळची पूर्वेकडची पानं काढतो, म्हणजे वारा खेळतो. पश्चिमेची पानं मात्र राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी हे तुमच्या हातचंच आहे. जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायला घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं, मात्र इथे नाही, कारण मणी फुगवायचाच नाही; बारीक मण्यात रस दाट राहतो. शिवाय ही वेल वाढीला जोरकस. भारी जमिनीत डॉगरिज खुंटावर (खुंट म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर कलम करतात ती) ती पानातच जाते, म्हणून नवी लागण करायची तर मी ११०-आर खुंट घेईन. माल जास्त धरला की साखर रखडते. मी एकरी पाच टनांवर थांबतो. थॉमसनची सवय असलेल्या माणसाला एवढे घड काढून टाकताना जिवावर येतं, पण काढावेच लागतात.

लागवडीआधी वायनरीशी लेखी करार करा: ब्रिक्स किती हवा, कूज किती चालेल, तोडणीची तारीख कोण ठरवणार. थॉमसनचा भाव पडला तर तुम्ही बेदाणा करता. शेनिनच्या मण्यात बी असतं, तिचा बेदाणा करून विकता येणार नाही. आणि हा माल उन्हं चढायच्या आत तोडून त्याच सकाळी वायनरीत उतरावा लागतो. तासगावहून नाशिकला ते जमणार नाही. अकलूजकडे वायनरी आहे, तिथे आधी विचारा. त्यांचा होकार येईपर्यंत थॉमसनला हात लावू नका.