वाड्यातल्या तोफा सांभाळायला घेताना

भाऊ, लहानपणापासून ज्या तोफांवर बसून खेळलात, त्या आता तुमच्या ताब्यात आल्या, फार आनंद वाटला. सुरुवातीला एवढंच करा:

१. तोफ रिकामी आहे हे गृहीत धरू नका. तोंडासमोर उभं न राहता लांब लाकडी काठी हलकेच आत सरकवा. बत्तीच्या छिद्राच्या बऱ्याच अलीकडे काठी अडली तर आत दारू-गोळा असू शकतो. तिथेच थांबा, उकरू नका, पोलिसांना कळवा. जुनी दारूही पेटते. पोरांना त्या तोफेजवळ फिरकू देऊ नका.

२. ग्राइंडर, ॲसिड, ऑइलपेंट बंद! हौसेनं घासून चकचकीत केली की कोरलेली अक्षरं गेलीच म्हणून समजा. मऊ ब्रश पुरे. अक्षरं वाचायची तर रात्री बॅटरी तिरपी धरा, झकास उठून दिसतात.

३. तोफ मातीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, तोंड किंचित खाली, म्हणजे पाणी साचत नाही.

दसऱ्याला बार काढायचा मोह होईल, अजिबात नको. शंभर वर्षांपुढची तोफ १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, म्हणून विकण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

आणि परांडा, नळदुर्ग, दौलताबाद हे किल्ले बघून या. दौलताबादच्या मेंढा तोफेची ओतीव (धातू साच्यात ओतून केलेली) घडण पाहिलीत की आपल्याकडची बांगडी तोफ, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर कडी ठोकून बनवलेली, वेगळी ओळखू येईल. फोटो पाठवा, बघतो.