वाचकांचे प्रश्न: तारा निघाल्या, पांढरे डाग राहिले, पेप्टाइड लावू का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): डॉक्टर मॅडम नमस्कार. मुलीच्या दातांच्या तारा दिवाळीनंतर काढल्या, दोन वर्षं होत्या. दात मस्त सरळ झाले पण पुढच्या चार दातांवर जिथे ती चौकोनी ब्रॅकेट्स चिकटवली होती त्याच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग दिसतायत. पोरगी १४ वर्षांची आहे, हसताना तोंडावर हात धरते. डेंटिस्ट म्हणाले ही कीडच आहे पण सुरुवातीची, ड्रिल नको. आणि माझ्या भावजयीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की आता पेप्टाइडने इनॅमल परत उगवतं. खरंय का हे? की नुसते पैसे काढायचे धंदे?

ताई, पहिल्यांदा तुमच्या डेंटिस्टचं कौतुक, कारण असे डाग बघून लगेच ड्रिल हातात घेणारे पण असतात. आता भावजयीच्या मेसेजमधला "उगवतं" हा शब्द तेवढा खोडा. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, बनवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, मागे राहतं ते वजनाने जवळजवळ ९६ टक्के निव्वळ खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. ते उगवत नाही. पण गेलेलं खनिज परत आत बसवता येतं, काही प्रमाणात, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

डाग पडला कसा ते बघा. ब्रॅकेटच्या कडेला ब्रश नीट पोचत नाही, तिथे थर साचतो, त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज विरघळून बाहेर पडायला लागतं. गंमत म्हणजे ते वरून झिजत नाही, आतून पोकळ होतं. वरची पातळ साल बरीचशी शाबूत असते. घराच्या भिंतीला ओल येते तेव्हा रंग तसाच दिसतो पण बोटाने वाजवलं की प्लास्टर आतून सुटलेलं कळतं ना, तसंच. आतल्या बारीक छिद्रांमुळे उजेड विखुरतो म्हणून तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो, आणि डेंटिस्टने हवेने दात सुकवला की अजूनच उठून दिसतो.

आता पेप्टाइड. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, प्रोटीनचं लहान भावंड म्हणा. (जिममधली पोरं इंजेक्शनं घेतात आणि फेस सिरमवर लिहिलेलं असतं त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही.) दातांसाठी ज्याची जास्त चर्चा आहे त्याचं नाव पी११-४, त्यात ११ अमिनो आम्लं आहेत, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधनातून ते आलं आणि पुढे स्विस कंपनीने क्युरोडॉन्ट नावाने बाजारात आणलं. पाण्यासारखं पातळ असतं म्हणून सालीतल्या छिद्रांतून आत झिरपतं, आणि आत गेल्यावर त्याचे रेणू आपोआप एकमेकांना चिकटून बारीक तंतूंची जाळी करतात. आपल्याकडे नाशकात हे समजावणं सोपं आहे. द्राक्षाचा मांडव. वेल मांडवावर चढतो तसे लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या जाळीवर येऊन बसतात आणि स्फटिक हळूहळू वाढतात. पण नुसता मांडव घालून कोणाला द्राक्षं मिळालीत का? पाणी, खत, छाटणी लागतेच. इथे पाणी म्हणजे लाळ, खत म्हणजे फ्लोराइड, आणि छाटणी म्हणजे रोज रात्री नीट ब्रश करणं, जे १४ वर्षांच्या मुलांकडून करवून घेणं किती अवघड आहे ते मला माहितेय, माझ्या घरात पण एक आहे.

लावायला त्रास काही नाही. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. डाग स्वच्छ करतात, अ‍ॅसिड जेल काही सेकंद लावून वरची छिद्रं मोकळी करतात, धुतात, सुकवतात, थेंब लावतात आणि पाचेक मिनिटं तोंड उघडं ठेवून बसायचं. खनिज भरायला मात्र आठवडे, महिने जातात, संध्याकाळी आरशात बघून "काहीच झालं नाही" म्हणू नका.

काम करतं का? माझं मत सांगते. २०१३ मध्ये छापून आलेल्या सुरुवातीच्या चाचणीत फक्त १५ मोठी माणसं होती. त्यानंतर बऱ्याच चाचण्या झाल्या, काहींत फ्लोराइडबरोबर पेप्टाइड दिल्यावर नुसत्या फ्लोराइडपेक्षा डाग जास्त सुधारले, पण त्या बहुतेक छोट्या आणि थोड्या महिन्यांच्या. म्हणून फसवणूक नाही म्हणेन, चमत्कार पण नाही. सगळ्यात आधी पैसे तिथे घालू नका एवढंच.

आधी काय? तारा काढल्यावर पहिले सहा महिने बरेच डाग आपोआप फिके होतात, फक्त थर साचू द्यायचा नाही. फ्लोराइडवाली पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि ब्रश झाल्यावर थुंकायचं पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत (आपल्याकडे ही सवय मोडणं सगळ्यात कठीण). डब्यावर फ्लोराइड लिहिलंय का बघा, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये नसतं. एक गोष्ट नक्की विचारा: पुढच्या दातांवर एकदम कडक फ्लोराइड वार्निश, म्हणजे डेंटिस्ट दातावर लावतात तो फ्लोराइडचा लेप, लावायचं का. दाढांवर ते फार चांगलं, पण समोरच्या दिसणाऱ्या डागावर कधीकधी वरची साल पटकन घट्ट होते आणि आतला पांढरेपणा तसाच बंद होऊन राहतो. आणि मुलीला रिटेनर (तारा काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) दिला असेल तर तो घालून कोल्ड्रिंक किंवा ज्यूस प्यायचा नाही, साखर आत कोंडून राहते, नवीन डाग फुकटात.

सहा महिन्यांनी पण ठळक दिसले तर पेप्टाइडचा विचार करा, किंवा डागाच्या छिद्रांत पातळ रेझिन (आत जाऊन घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) मुरवतात त्याचा. रेझिनने खनिज परत येत नाही पण रंग लगेच जुळतो, आणि हसताना हात धरणाऱ्या पोरीसाठी ते पण महत्त्वाचं आहेच. दुसरं मत हवं असेल तर पंचवटीतल्या भाऊसाहेब हिरे डेंटल कॉलेजात दाखवून या.

प्रश्न (दिंडोरी): मी वायनरीत टेस्टिंगला आहे, सीझनमध्ये दिवसाला वीसेक सँपल होतात, थुंकतो सगळं पण दात आंबून जातात, थंड पाणी पिववत नाही. माझ्यासाठी पेप्टाइड चालेल का?

दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे जंतूंचं काम कमी, वाइनचंच जास्त. तिचा पीएच ३ ते ४ च्या मधे असतो, म्हणजे इनॅमल वरूनच विरघळतं, थराथराने. वर साल आणि आत पोकळी असं नसतंच, मग मांडव घालायचा कुठे? पी११-४ सुरुवातीच्या किडीसाठी बनवलंय, तुमचं गेलेलं इनॅमल ते आणून देणार नाही. टेस्टिंग झालं की साध्या पाण्याने तोंड धुवा, लगेच ब्रश अजिबात करू नका, मऊ झालेलं इनॅमल घासून निघतं, तासभर जाऊ द्या. मधे चीजचा तुकडा चघळा, वायनरीत ते असतंच, लाळ सुटते आणि आम्ल उतरतं. आणि एकदा दाखवून घ्या, इनॅमल पातळ होऊन त्याच्या खालचा पिवळट थर दिसायला लागला असेल तर उशीर नको.

प्रश्न (नाशिक रोड): केमिस्टने दातांची क्रीम दिली, त्यावर सीपीपी-एसीपी लिहिलंय. हे पण पेप्टाइडच का? आम्ही जैन आहोत, चालेल ना?

हो, पेप्टाइडच, पण वेगळं. दुधातल्या केसीनपासून काढतात, मेलबर्न विद्यापीठात यावर मोठं काम झालं. ते कॅल्शियम-फॉस्फेट धरून ठेवून दातापाशी आणून सोडतं. दुधाचंच आहे त्यामुळे तुम्हाला दूध चालत असेल तर हे चालायला हरकत दिसत नाही, पण घरात कोणाला दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल तर त्याला अजिबात देऊ नका. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८ च्या शिफारशी म्हणतात की फ्लोराइडचे उपाय हाताशी असतील तर ही क्रीम वापरू नये. मी स्वतः इतकी कडक नाही, फ्लोराइड पेस्टच्या जोडीला देते, तिच्या जागी नाही.

प्रश्न (सिडको): माझ्या दाढेला काळा खड्डा आहे, अन्न अडकतं. पेप्टाइडने भरेल का?

नाही काका. सिमेंट भरून घ्या, याच आठवड्यात.