आधी पासिंग सांगा, मग टोल विचारा

प्रश्न : अण्णा, माझा मुलगा स्टुटगार्टला नोकरी करतो. त्यानं जुनी मोटरहोम घेतलीय. उन्हाळ्यात आम्हा दोघांना घेऊन स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया आणि जमलं तर फ्रान्स फिरवायचं म्हणतोय. त्याचे मित्र सांगतात, काचेला टोलचं स्टिकर लावायचं आणि निघायचं. दुसरं कुणी म्हणतं, गाडी कागदावर साडेचार टनांची आहे, तिला स्टिकर चालत नाही, डबा लागतो. तुम्ही लेकीकडे जाऊन अशाच गाडीतून फिरून आलात असं कळलं, म्हणून विचारते. टोलचं नक्की काय करायचं? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्ही टनाचा आकडा लिहिलात, निम्मं काम तिथंच झालं. नाहीतर मला पत्रं येतात ती ‘गाडी वीस फुटी आहे’, ‘सहा जण झोपतात’, ‘आत संडास आहे’ अशी. टोलवाल्याला तुमच्या संडासाशी काय करायचंय?

माझा जन्म चादरी-टॉवेलच्या गाठी ट्रकवर चढवण्यात गेला. आमच्या धंद्यात गाडी दारात लागली की पहिला प्रश्न एकच, पासिंग किती? म्हणजे भरलेल्या गाडीला कागदावर जास्तीत जास्त किती वजन मंजूर आहे. युरोपातही तोच विचारायचा. तिथली रेघ ३,५०० किलोंवर आहे. तिथवर तुम्ही कारवाले, त्यापुढे एक किलो जरी गेला तरी बहुतेक देशांत जड वाहनवाले. आणि हे वजन काट्यावरचं नाही, आरसीवरचं. गाडीत तुम्ही दोघंच बसलात आणि कपाटं रिकामी ठेवलीत तरी ती साडेचार टनांचीच.

मुलाला गाडीचा कागद काढायला सांगा. त्यावर एफ-१ आणि एफ-२ अशा दोन चौकटी असतात. एफ-१ म्हणजे कंपनीनं गाडी जेवढ्या वजनासाठी बनवली ते, एफ-२ म्हणजे त्या देशाच्या आरटीओनं जेवढं मंजूर केलं ते. पुष्कळ जण टोल वाचवायला कागदावरचं पासिंग कमी करून ३,५०० वर आणून घेत. ऑस्ट्रियानं १ डिसेंबर २०२३ पासून ती वाट बुजवली, आता तिथं एफ-१ बघतात. त्या तारखेआधी नोंदलेल्या गाड्यांना जानेवारी २०२९ पर्यंत सवलत आहे. तुमच्या गाडीच्या दोन्ही चौकटींत साडेचार टनच असेल तर हा विषय तुमच्यापुरता संपला.

आता रस्त्याच्या क्रमानं जाऊ.

जर्मनी. तिथं ट्रकला टोल आहे, जुलै २०२४ पासून तो साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना लागला. पण तो मालवाहतुकीचा. फिरायला निघालेल्या मोटरहोमला नाही, मग ती कितीही जड असो. फक्त हायवेवर १०० च्या पुढं काटा जाऊ द्यायचा नाही, आणि ट्रकना ओव्हरटेक बंदीचा जो बोर्ड असतो तो तुमच्या गाडीलाही लागू आहे. गाडीच्या आत पडदे आणि गाद्या असल्या की माणूस हे विसरतो.

स्वित्झर्लंडला स्टुटगार्टहून सरळ ए-८१ नं शाफहाउझेनकडून उतरा. तिथला हिशेब ऐकून मी जावईबापूंना दोनदा विचारलं, नक्की ना म्हणून. हलक्या गाडीला ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर घ्यावंच लागतं, एक दिवस जा नाहीतर वर्षभर जा. जड मोटरहोमला मात्र दिवसाला सव्वातीन फ्रँक, कमीत कमी २५. म्हणजे आठवडाभर फिरलात तरी सात सव्वातीन पावणेतेवीस, भरायचे २५. हलक्या गाडीपेक्षा स्वस्त! सलग दिवस नको असतील तर कुठलेही दहा सुटे दिवस साडेबत्तीस फ्रँकना मिळतात. जाताना-येताना दोन्हीकडून स्वित्झर्लंड ओलांडायचं असेल तर हेच बरं. पैसे स्विस कस्टमच्या ‘व्हिया’ नावाच्या ॲपवर हद्द ओलांडायच्या आधी भरता येतात. एक मात्र ध्यानात ठेवा. स्टिकर फक्त हायवेसाठी असतं, हा जड गाडीचा कर देशातल्या सगळ्या रस्त्यांना आहे. आडवाटेनं खेड्यात शिरलो म्हणून सुटका नाही. गॉटहार्डचा सतरा किलोमीटरचा बोगदा यातच आला, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

इटलीत आपल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. आत शिरताना तिकीट, बाहेर पडताना पैसे. तिथं टन बघतच नाहीत. दोन एक्सलची (चाकांच्या दोन जोड्यांची) गाडी असेल तर पुढच्या चाकापाशी उंची १.३० मीटरपेक्षा जास्त की कमी एवढंच बघतात. जास्त असली की ‘बी’ वर्ग. तीन टनांची मोटरहोमही त्यात आणि तुमची साडेचारचीही. मागं तिसरा एक्सल असेल तर वर्ग बदलतो. फक्त पिवळ्या रेघांच्या टेलिपासच्या, म्हणजे त्यांच्या फास्टॅगच्या, लेनमध्ये घुसू नका.

खरी गंमत ऑस्ट्रियात. इटलीतून ब्रेनरच्या घाटानं वर यायचं ठरवलंत तर हद्दीवरच्या पेट्रोल पंपावर थांबून ‘गो-बॉक्स’ घ्यायचा. हाच तो डबा. पाच युरो डब्याचे, आणि टोलचे पैसे आधी भरा किंवा नंतर कार्डातून कापून घ्या. कागद मागतात, इंजिन कुठल्या युरो श्रेणीचं, म्हणजे किती धूर सोडणारं, आहे ते बघतात, कारण जुन्या इंजिनाला किलोमीटरमागं जास्त पैसे पडतात. म्हणून श्रेणीचा पुरावा असलेला कागद बरोबर असू द्या. एक्सलची संख्या डब्यात बरोबर भरलीय का तेही तिथंच तपासा. मागं सायकलींचा ट्रेलर जोडलात तर त्याचे एक्सलही धरायचे.

डबा काचेला चिकटवला की रस्त्यावरच्या कमानीखालून जाताना तो बोलतो. एक बीप म्हणजे पैसे कापले. दोन बीप म्हणजे शिल्लक संपत आलीय. चार बीप म्हणजे टोल कापलेला नाही. आणि काहीच आवाज आला नाही तर तेही वाईटच. आमच्या गाडीत हे बीप ऐकायचं खातं माझ्याकडं होतं. मागं नातवंडांनी गाणी लावली की मी ओरडायचो, कमान आली, गप्प! लेक म्हणाली, बाबा, सुट्टीवर आलाय की ड्युटीवर. पण तिथला नियमच तसा आहे. डबा बिघडला हे ओळखण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची. चार बीप आले तर घाबरायचं नाही, पाच तासांच्या आणि शंभर किलोमीटरच्या आत पुढच्या विक्री केंद्रावर जाऊन राहिलेला टोल भरता येतो. गप्प पुढं गेलात तर दंड.

आणखी एक खड्डा दाखवून ठेवतो. ऑस्ट्रियातच ब्रेगेंत्सजवळ लिंडाउच्या हद्दीपासून होहेनएम्सपर्यंतचा तुकडा स्टिकरमुक्त आहे. जर्मनीतून स्वित्झर्लंडला जाणारे सगळे सांगतात, तिथून फुकट जाता येतं. ते कारवाल्यांना. तुमच्या गाडीला तिथंही डबा लागतो. म्हणून तर मी तुम्हाला शाफहाउझेनकडून काढलं.

फ्रान्स जमलं तर, असं लिहिलंय तुम्ही. जमवा, पण खिसा बघून. तिथं उंचीनं तीन मीटरच्या आतली आणि साडेतीन टनांच्या आतली मोटरहोम दुसऱ्या वर्गात जाते, साडेतीनच्या वरची तिसऱ्या वर्गात, दोन एक्सलच्या ट्रकच्या पंगतीला. तशीच दिसणारी शेजारची गाडी कमी पैशात सुटते आणि आपण बघत बसतो. नाक्यावरचं यंत्र उंची आणि एक्सल ओळखतं, पासिंग त्याला दिसत नाही, त्यामुळं कधी कमी वर्ग लावतं. त्यावर मी काही बोलत नाही, फक्त आरसी हाताशी ठेवा. दोन मीटर उंचीची आडवी दांडी असलेल्या लेनपासून लांब राहा, हिरवा बाण असलेली लेन धरा. नारिंगी ‘टी’ ची लेन टॅगवाल्यांची. ए-७९ सारख्या काही रस्त्यांवर आता नाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत आपण होऊन पैसे भरायचे. दक्षिणेकडं उतरायचं तर क्लेर्मों-फेराँहून जाणारा ए-७५ धरा, मियोच्या उंच पुलाचे तेवढे पैसे पडतात, बाकी रस्ता फुकट. ब्रिटनीत तर टोलच नाही.

आणि हो, फ्रान्समध्ये साडेतीन टनांवरच्या गाडीला दोन्ही बाजूंना आणि मागं ‘आँगल मोर’चे स्टिकर लावावे लागतात, चालकाला न दिसणाऱ्या कोपऱ्यांची सूचना देणारे. २०२१ पासूनचा नियम. हा टोल नाही, पण नसले तर १३५ युरो दंड आहे.

प्रश्न : आम्ही सहा जण मिळून गाडी भाड्यानं घेणार आहोत. टोलची कटकट नको म्हणून साडेतीन टनांचीच घेऊ. थोडं जास्त भरलं तर कोण बघतंय? (पंढरपूर)

उत्तर : टोलचा कॅमेरा बघत नाही, हे खरं. पोलीस बघतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला गाडी काट्यावर घेतात.

वहीत मांडू. सहा जण झोपणारी गाडी रिकामीच तीन टनांच्या आसपास असते. त्यात चालक धरलेला असतो. उरले पाचशे किलो. बाकीचे पाच जण सरासरी सत्तरचे धरा, आणि पंढरपूरचे म्हणून थोडं वाढवून धरलं तरी मी वाद घालणार नाही, साडेतीनशे गेले. दीडशे उरले. त्यात सहा बॅगा, बाहेरच्या खुर्च्या-टेबल, गॅस, भांडी, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि टाकीत जादाचं पाणी भरलं तर लिटरला किलो. सायकली कुठं ठेवणार?

टोल वाचवायला ओव्हरलोड करायची खोड आपल्या रस्त्यांवर चालत असेल, उतारावर ब्रेक तापले की आल्प्समध्ये ती अंगाशी येते. माझं स्पष्ट मत, सहा जणांनी एकतर चार-साडेचार टनांची गाडी घ्यावी आणि टोल मुकाट भरावा, नाहीतर चौघांनीच जावं. पेढे न्यायचं मनात असेल तर तेही काढून टाका. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. तेवढंच वजन कमी.

प्रश्न : माझं एलएमव्ही लायसन्स आहे. सुप्रीम कोर्टानं साडेसात टनांपर्यंत चालवता येतं असं म्हटलंय. मग साडेचार टनांची मोटरहोम मी चालवू शकतो ना? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : इथं, हो. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानं ७,५०० किलोंपर्यंतची गाडी एलएमव्हीत बसवली. पण तुम्ही आरटीओतून जे इंटरनॅशनल परमिट काढाल त्यात ‘बी’ वर्गासमोर ३,५०० किलोच छापलेलं असतं. ते १९४९ च्या जिनिव्हा कराराचं आहे, आपल्या कोर्टाचा निकाल त्याला ठाऊक नाही. युरोपात साडेतीन ते साडेसात टनांना ‘सी-१’ वर्ग लागतो. वरच्या जुळे सोलापूरच्या ताईंनीही मुलाला हे आधी विचारावं. साध्या ‘बी’ वर साडेचार टनांची गाडी काढली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी लायसन्स बघेल.

प्रश्न : आपल्याकडं फास्टॅग कसा, एकदा लावला की सावळेश्वरपासून पुण्यापर्यंत आणि पुढं दिल्लीपर्यंत चालतो. युरोपात सगळीकडं चालणारा एकच टॅग का घेऊ नये? (बार्शी)

उत्तर : मालक, तुमच्या कारला तर २०२५ मध्ये ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा पासही निघाला, तुम्ही लाडावलात. आपल्याकडं देश एक, यंत्रणा एक. तिकडं प्रत्येक देशानं आपापलं तंत्र आधी बसवलं आणि मग एकमेकांशी जोडायला घेतलं. ऑस्ट्रियाचा डबा २००४ पासून कमानीशी बोलतो, चेकचा उपग्रहावर चालतो, स्लोव्हेनियानं २०१८ मध्ये स्वतःचा ‘दार्सगो’ काढला. या तिन्ही ठिकाणी जड मोटरहोमला डबा लागतो. अनेक देशांत चालणारे डबे आहेत, पण त्यांचे करार ट्रक कंपन्यांच्या सोयीनं केलेले, महिन्याचं भाडं वेगळं. फ्रान्समध्ये कारवाले लावतात तो टॅग साडेतीन टनांवरच्या गाडीला चालत नाही. वर्षातले सहा महिने रस्त्यावर असाल तर विचार करा. एका सुट्टीसाठी फ्रान्स-इटलीत कार्ड आणि ऑस्ट्रियात गो-बॉक्स एवढ्यात भागतं.

प्रश्न : इटलीत टोलच्या दांडीपाशी कार्ड चाललंच नाही तर? मागं गाड्यांची रांग लागणार. (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : लागू दे. मदतीचं बटण दाबा. यंत्र एक पावती देतं, पैसे न भरल्याची, आणि दांडी उघडते. पंधरा दिवसांत त्या पावतीवर पैसे भरायचे, दंड नाही. मागं घेऊ नका, ते मात्र तिथं भयंकर महाग पडतं. गाडी भाड्याची असेल तर पावतीचा फोटो भाड्यानं देणाऱ्यालाही पाठवून ठेवा, नाहीतर सोलापूरला परतल्यावर त्याचं बिल कार्डावर येईल, त्यात त्याची स्वतःची फी वेगळी.