शाळेची जुनी नऊवारी पैठणी मुलींना नेसू द्यावी, शिवून घ्यावी की कपाटातच ठेवावी?

शिवून? मुळीच नाही. गॅदरिंगला दिवा लावणाऱ्या मुलीला ती नेसवता येत नाही म्हणून कात्री लावायची म्हणजे कमालच झाली. नेसवणारी आजी अजूनही कुठल्याही चाळीत सापडेल.

आमच्या गिरगावातल्या शाळेतही अशी एक होती. वांगी रंग, पदरावर मोर. दहावीतली एक मुलगी ती नेसून सरस्वतीपुढे समई लावायची. १९९१ला माझा नंबर लागला. बाईंनी कासोटा ओढून मागे खोचला आणि टर्रकन आवाज आला. मांडीपाशी बोटभर चीर. "उभं राहता येत नाही सरळ? घोडी झालीस!" सगळ्या मुलींसमोर. पैठणी गुंडाळायच्या मांजरपाटावर नेसलेल्या प्रत्येकीचं नाव लाल दोऱ्याने टाकत. माझं टाकलं नाही.

आता ती चीर बघा. सरळ, सुरीने कापल्यासारखी, नेमकी घडीवर. नुसत्या हिसक्याने फाटलं असतं तर आजूबाजूचे धागे ओढले गेले असते. पैठणी वर्षानुवर्षं त्याच घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसकट पडलेली. घडीवर रेशीम विरतंच. आपल्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि जरीतली चांदी काळी पडते ती वेगळीच.

तेव्हा धुतलेल्या मलमलीत ठेवा. दोन-तीन महिन्यांनी काढून सावलीत वारा द्या आणि घडी दुसरीकडे घाला. जरीची तार घासू नका, मुलामा जातो. नेसणारीला सेंट मारू देऊ नका. चीर गेलीच तर रफूवाल्याकडे धावू नका, आधी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात चौकशी करा, तिथे संवर्धन केंद्र आहे.

आणि नेसू द्या हो! फाटली तर पोरीला बोलायच्या आधी घडी कोणी घातली होती ते विचारा.

अर्थात, रेशीम हाताला भुरभुरत असेल तर मात्र नेसवू नका, उघडून नुसती दाखवा. हे आधी सांगायला हवं होतं.

माझी ताई (तिचं नाव आहे मांजरपाटावर) अजून म्हणते की तू त्या दिवशी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरलीस. उतरले होते. पैठणी सोडल्यावर.