कापलेले दोनशे रुपये गेले कुठे?

प्रश्न : मॅडम नमस्कार. अंधेरी पूर्वला आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, मी आणि धाकटा भाऊ डायरेक्टर, 12 जणांचा स्टाफ. त्यात तीन मुली आहेत, त्यांना 22,000 पगार आणि बाकी नऊ जण सगळे 30,000 च्या वर. जीएसटी आम्ही एकही महिना न चुकवता भरतो आणि प्रोफेशनल टॅक्सचे 2500 पण दर जूनमध्ये भरतो. तरी आता ईमेलवर नोटीस आलीय की पीटीआरसीचं रिटर्न भरलेलं नाही. सगळ्यांच्या पगारातून आम्ही महिन्याला 200 कापतो, ते कंपनीच्या करंट अकाउंटलाच आहेत. आम्हाला वाटलं 2500 भरले म्हणजे झालं. आता काय करायचं?
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर : आधी एक सांगते, घाबरू नका, पण नोटिशीला उत्तर द्यायचं टाळूही नका, त्यात दिलेल्या तारखेच्या आत पोर्टलवर उत्तर गेलंच पाहिजे.

तुमचा घोळ झालाय तो दोन नंबरांचा, आणि असा घोळ मी दरवर्षी बघते. महाराष्ट्रात व्यवसाय कराची, म्हणजेच प्रोफेशनल टॅक्स किंवा पीटीची, दोन रजिस्ट्रेशन असतात. पीटीईसी म्हणजे कंपनीचा स्वतःचा कर, वर्षाला 2500, शेवटची तारीख 30 जून, त्याला रिटर्न नसतं, नुसतं चलन भरायचं. हा नंबर 99 ने सुरू होतो. दुसरं पीटीआरसी, हे तुम्ही मालक म्हणून स्टाफच्या पगारातून कापता त्याचं, हा नंबर 27 ने सुरू होतो आणि याला पैसे पण भरायचे आणि रिटर्न पण भरायचं. तुम्ही पहिलं भरलंत, दुसरं राहिलं. आणि जीएसटी वेळेवर भरता हे चांगलंच आहे पण त्याने हे फिटत नाही, खातं तेच असलं, माझगावच्या त्याच जीएसटी भवनातून दोन्ही चालत असलं तरी कायदे वेगळे आहेत. 2020 पासून तर महाराष्ट्रात नवीन कंपनी काढतानाच त्याच फॉर्ममध्ये व्यवसाय कराची नोंदणी होते, त्यामुळे कितीतरी जणांना आपल्याकडे हे नंबर आहेत हेच माहीत नसतं, कंपनी सुरू झाल्याचे कागद आले की पेढे वाटतात आणि फाइल कपाटात जाते.

आता आकडे बघू, कारण तुमच्या पत्रातच दोन चुका दिसतायत. एक, फेब्रुवारीत 200 नाही, 300 कापायचे असतात. पगार 10,000 च्या वर असेल तर 11 महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2500 होतात. दोन, बाईमाणसाला महिन्याला 25,000 पर्यंत पगारावर हा करच नाही, 2023 पासून. म्हणजे त्या तीन मुलींकडून एक रुपया कापायला नको होता.

वर्षभरात तुम्ही 12 जणांचे 2400 प्रमाणे 28,800 कापलेत. खरा कर नऊ जणांचा, 22,500. मुलींचे 7,200 त्यांना परत द्या, पुढच्या पगाराची वाट बघू नका, आणि पगाराच्या स्लिपवर तसं लिहून द्या. उरले 21,600, त्यात 900 कमी पडतात ते कंपनीने घालायचे, कारण कायद्याने मालकाने कापले असोत वा नसोत, भरायची जबाबदारी मालकाचीच. आता त्या नऊ जणांकडे मागे जाऊन शंभर शंभर मागू नका, चूक त्यांची नाही.

वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर रिटर्न वर्षातून एकदाच, मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं, 31 मार्चपर्यंत. एक लाख किंवा जास्त झाला की पुढच्या वर्षी दर महिन्याला. सोपा हिशोब, पूर्ण दराचे 40 लोक झाले की 2500 प्रमाणे बरोबर एक लाख होतात, तिथे तुम्ही मासिक झालात. तुम्ही अजून बरेच लांब आहात, पण नोंदणीच्या पहिल्या वर्षी मात्र रिटर्न मासिकच असतं, तेव्हा तुमचं पहिलं वर्ष उघडून तपासा, तिथेही काही राहिलेलं असू शकतं. लेट फी एका रिटर्नला 1000, तारखेनंतर 30 दिवसांच्या आत भरलं तर 200, म्हणून मासिक रिटर्नं राहिली असतील तर बारा वेळा हजार मोजावे लागतात. व्याज वेगळं, महिन्याला सव्वा टक्क्यापासून सुरू होऊन उशीर वाढत गेला की दोन टक्क्यांपर्यंत जातं. आणि चलन करताना नंबर आणि कालावधी दोनदा वाचा, 99 वाल्यावर स्टाफचे पैसे गेले तर 27 वालं खातं रिकामंच दिसतं आणि परत तीच नोटीस येते.

तुम्हा दोघा भावांचं पण बघा. डायरेक्टरलाही वर्षाला 2500 आहेत. कंपनीतून पगार घेता आणि त्यातून पीटी कापला जातो तर परत वेगळे भरायचे नाहीत, पगार नसेल तर स्वतःच्या नावाने पीटीईसी घ्या. एका माणसाला वर्षाला 2500 च्या वर लागत नाही, ती मर्यादा राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच आहे.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. वार्षिक रिटर्न असलं की कापलेले पैसे वर्षभर कंपनीच्या खात्यात पडून राहतात आणि तंगी आली की तेच वापरले जातात, कोणाची नियत वाईट असते असं नाही पण भाडं द्यायचं असतं, माल सोडवायचा असतो. ते पैसे तुमचे नाहीत हो. स्टाफने दिलेत, सरकारला द्यायला तुमच्या हातात ठेवलेत. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर चालवायला पैसा हवा होता म्हणून 1975 मध्ये हा कर आला. मुंबईत पंख्याखाली बसून काम करणाऱ्याच्या पगारातले थोडे पैसे गावाकडे शेताला बांध घालायच्या आणि रस्त्याच्या कामावर राबणाऱ्याच्या मजुरीला जायचे, असा त्याचा उगम आहे. माझे आईवडील मूळचे माणदेशातले, दुष्काळी कामावर गेलेली माणसं मी घरात बघितलीत, म्हणून पगाराच्या स्लिपवरचे हे दोनशे मला छोटे वाटत नाहीत. एक वेगळं करंट खातं काढा, पगार झाला त्या दिवशी पीटीची रक्कम तिकडे वळवा आणि 31 मार्चपर्यंत त्याला हात लावू नका.

प्रश्न : माझा पगार 24,000 आहे पण दिवाळीच्या महिन्यात ओव्हरटाइम धरून 26,500 झाला तर अकाउंटवाल्याने 200 कापले. बरोबर आहे का?
(एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : हो ताई, बरोबर आहे. स्लॅब महिन्याच्या पगारावर आहे, त्या महिन्यात 25,000 च्या वर गेलात तर त्या महिन्याचा कर लागतो. पुढच्या महिन्यात परत 24,000 झाले की कापायचं बंद. बंद झालं नाही तर अकाउंटला लेखी मेल करा, तोंडी सांगून विसरलं जातं. ऑफिसात 65 वर्षांच्या वरचं कोणी अजून काम करत असेल तर त्यांनाही हा कर नाही, तेही त्याच मेलमध्ये लिहा.

प्रश्न : आमचं ऑफिस लोअर परळला, पण दोन जण दिल्लीहून आणि एक बंगळुरूहून घरून काम करतात. सगळ्यांचे पगार मुंबईतून होतात. पीटी सगळ्यांचा महाराष्ट्रात भरायचा का?
(एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : नाही. पगार कुठून सुटतो यापेक्षा माणूस कुठल्या राज्यात बसून काम करतो ते बघायचं. दिल्लीत हा करच नाही, तसंच हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातही नाही, त्यामुळे दिल्लीच्या दोघांचं काही कापू नका. कर्नाटकात आहे, तिथे 25,000 पासून पुढे लागतो आणि तिथली नोंदणी वेगळी घ्यावी लागते, एका माणसासाठीसुद्धा. गुजरातमध्ये कोणी घेतलं तर तिथे 12,000 च्या वर 200. पुणे, नाशिक, नागपूरवाले महाराष्ट्रातलेच, त्यांचा कर मुंबईसारखाच. जॉइनिंगच्या फॉर्मवर 'कामाचं ठिकाण' असा एक रकाना वाढवा, आणि बंगळुरूचा मुलगा उद्या मुंबईला राहायला आला तर एचआरने त्याच महिन्यात अकाउंटला कळवायचं, वर्ष संपायची वाट बघायची नाही.